फलंदाजीतील यश आणि प्रशिक्षकाचे श्रेय

फलंदाजीतील यश आणि प्रशिक्षकाचे श्रेय हा क्रिकेटमधील एक जुना वादविषय असून व्यावसायिक स्पर्धांच्या वाढीबरोबर तो अधिक तीव्र झाला आहे. एखाद्या संघाने धावांचा डोंगर रचला, तर त्याचे श्रेय फलंदाजाचे, कर्णधाराचे, निवड समितीचे की प्रशिक्षकाचे, आणि त्यातही कोणत्या प्रशिक्षकाचे, हा त्यातील मूळ प्रश्न होय. प्रशिक्षकांच्या नेमणुका, मानधन, पुरस्कार आणि गच्छंती या सर्व गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून तो केवळ चर्चेचा विषय राहत नाही. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि विदर्भ येथील क्रिकेटमध्ये, या प्रश्नाची अनेक बोलकी उदाहरणे आढळतात. रमाकांत आचरेकर, दिनेश लाड, चंद्रकांत पंडित आणि अमोल मुझुमदार यांच्या कारकिर्दी त्या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत.

खेळाचे स्वरूप आणि प्रशिक्षकाची मर्यादा

प्रशिक्षकाला किती श्रेय द्यावे हे प्रथमतः त्या खेळात त्याला किती अधिकार आहे यावर ठरते. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल प्रशिक्षकवर्ग ठरवतो आणि ती मैदानावरील खेळाडूंपर्यंत पोहोचवतो. तेथील महाविद्यालयीन संघांत तर खेळाडू हेरून आणण्याचे कामही मुख्य प्रशिक्षकाकडेच असते. त्यामुळे आक्रमण यशस्वी झाले की प्रशिक्षकाचे नाव आधी घेतले जाते, आणि यश खेळाडूंच्या गुणवत्तेचे होते असे म्हटले तरी ती गुणवत्ता आणली कोणी, असा प्रतिप्रश्न करता येतो. कबड्डीतही प्रशिक्षक विश्रांतीचा वेळ मागून आणि बदली खेळाडू उतरवून चढाईची दिशा बदलू शकतो.

क्रिकेटची रीत निराळी आहे. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंतचा अल्पसा वेळ सर्वस्वी फलंदाजाचा असतो. मैदानावरचे निर्णय परंपरेने कर्णधाराचे मानले जातात. प्रशिक्षकाचा निरोप बाराव्या खेळाडूबरोबर, पाण्याच्या बाटलीसोबत किंवा नव्या हातमोज्यांसोबत येतो. बाद झालेल्या फलंदाजाऐवजी दुसरा पाठवता येत नाही. प्रशिक्षकाच्या हाती उरतात त्या गोष्टी सामन्याआधीच्या: सराव, तंत्रातील दुरुस्ती, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास, खेळाडूच्या मनाची तयारी आणि फलंदाजीचा क्रम. या यादीत फलंदाजीचा क्रम शेवटी लिहिला जात असला, तरी प्रशिक्षकाच्या श्रेयाचे सर्वांत ठसठशीत पुरावे बहुधा तेथेच सापडतात.

तेथेही श्रेयाची वाटणी सोपी नसते. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात नवज्योतसिंग सिद्धू यांची मान आखडल्यामुळे सलामीची जागा रिकामी झाली. सचिन तेंडुलकर यांनी ती आपल्याला द्यावी अशी विनंती कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन आणि संघव्यवस्थापक अजित वाडेकर यांना केली. ती मान्य झाली आणि तेंडुलकरांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे पहिले एकदिवसीय शतक झाले. कल्पना खेळाडूची, होकार कर्णधाराचा व व्यवस्थापकाचा, आणि संधी एका आखडलेल्या मानेची, असा तो योग होता. वाडेकर त्या वेळी आजच्या मुख्य प्रशिक्षकाचेच काम करीत होते. नवोदिताची मागणी ऐकून घेणे आणि तिला आडकाठी न करणे, इतकेच त्यांचे कर्तृत्व मानले तरी ते लहान ठरत नाही.

प्रशिक्षकाविना मिळालेले यश

प्रशिक्षकाच्या श्रेयाचा विचार करताना, तो नसतानाही यश मिळाले आहे ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ या काळात सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्या वेळी आजच्यासारखा पूर्णवेळ प्रशिक्षकांचा ताफा संघाबरोबर नसे. फलंदाज घडत ते शालेय स्पर्धांत, १९४८ साली सुरू झालेल्या कांगा साखळीतील ओल्या खेळपट्ट्यांवर, आणि दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांसारख्या क्लबांत ज्येष्ठांच्या बोलण्यातून. वासू परांजपे यांच्यासारख्या मार्गदर्शकांचा प्रभाव याच क्लब-संस्कृतीतून पसरला. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबरही प्रशिक्षक नव्हता, पी. आर. मानसिंग हे व्यवस्थापक होते.

यावरून प्रशिक्षक अनावश्यक असतो असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. शिकवण्याचे काम त्या काळीही होतच होते. ते एका पदात एकवटलेले नव्हते, एवढेच. ज्या प्रदेशांत अशी क्लब-संस्कृती नव्हती, तेथे हे काम कोणीतरी हेतुपूर्वक करावे लागले, आणि तेथेच प्रशिक्षकाचे महत्त्व अधिक दिसले.

घडवणारा आणि चालवणारा

श्रेयाच्या चर्चेत दोन प्रकारच्या प्रशिक्षकांची नेहमी गल्लत होते. पहिला प्रकार शालेय अथवा क्लबच्या प्रशिक्षकाचा. तो नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती बॅट कशी धरावी हे पाहतो, त्याला सामने मिळवून देतो, पालकांची समजूत घालतो, प्रसंगी शाळेची फी माफ करून घेतो. दुसरा प्रकार संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचा. त्याच्याकडे खेळाडू तयार होऊन येतात. त्यांतून अकरा जणांचा संघ बांधणे आणि हंगामभर चालवणे हे त्याचे काम. पहिल्याचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते आणि तेव्हा तो चित्रात नसतो. दुसऱ्याचे यश-अपयश त्याच हंगामात धावफलकावर लागते. एकाच शतकाबद्दल दोघांनाही श्रेय देणे शक्य असते, पण ते एकाच प्रकारचे श्रेय नव्हे. शाळेत काही काळ काढलेल्या कोणालाही हा भेद नवा वाटणार नाही. पहिली-दुसरीत अक्षर गिरवून घेणाऱ्या शिक्षकाचे नाव शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीखाली छापले जात नाही.

रमाकांत आचरेकर आणि ६६४ धावांची भागीदारी

रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) हे पहिल्या प्रकारच्या प्रशिक्षकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. खेळाडू म्हणून ते फार पुढे गेले नाहीत. मुंबईतील शिवाजी पार्क मैदान आणि दादरचे शारदाश्रम विद्यामंदिर ही त्यांची कर्मभूमी होती. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार, अमोल मुझुमदार अशी त्यांच्या शिष्यांची परंपरा आहे.

त्यांच्या पद्धतीचा भर जाळीतील सरावापेक्षा सामन्यांवर होता. तेंडुलकरांना स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एकाच दिवशी अनेक डाव खेळायला लावत. सरावाच्या अखेरीस यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. गोलंदाजांपैकी जो बाद करील त्याला ते मिळे. फलंदाज नाबाद राहिला तर नाणे त्याचे. अशी मिळवलेली नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत. ज्येष्ठ बंधू अजित तेंडुलकर यांची जुनी बॅट हाताळताना जडलेली, दांडा बराच खाली धरण्याची सचिन यांची सवय बदलून पाहण्यात आली. परंतु ती बदलल्यावर त्यांना खेळणे सोयीचे वाटेना, म्हणून मूळची पकड कायम राहिली. कोणती गोष्ट शिकवू नये हे कळणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि त्याचे श्रेय सहसा कोणी देत नाही. अजित यांनीच धाकट्या भावाला आचरेकरांकडे नेले होते, ही बाबही श्रेयाच्या हिशेबात धरावी लागते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर झालेल्या हॅरिस ढाल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर–कांबळी जोडीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर ३२६ आणि कांबळी ३४९ धावांवर नाबाद राहिले. शाळेने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. डाव घोषित करण्याच्या खुणा मैदानाबाहेरून होत असताना दोन्ही मुलांनी तिकडे पाहणेच टाळले, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे प्रशिक्षणाचे हे सर्वांत गाजलेले फळ, काटेकोरपणे पाहिले तर, प्रशिक्षकांची सूचना न पाळल्यामुळे एवढे मोठे झाले!

याच डावात श्रेयाच्या प्रश्नाचा गाभा दडलेला आहे. खेळपट्टीवरचे दोघेही एकाच गुरूचे, एकाच शाळेचे, एकाच मैदानावर वाढलेले. कांबळी यांनी कसोटीत लागोपाठ दोन द्विशतके केली आणि १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरीने १,०८४ धावा जमवल्या, पण १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत. तेंडुलकर २०० कसोटी खेळले आणि त्यांत १५,९२१ धावा केल्या. पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसलेले मुझुमदार यांना त्या डावात बॅट हाती घेण्याची पाळीच आली नाही. पुढे त्यांनी मुंबईकडून पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवल्या, परंतु भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. प्रशिक्षक समान आणि परिणाम तीन. आडातच नसेल तर पोहऱ्यात येत नाही हे खरे. पण येथे आड तिघांचेही भरलेले होते. उरलेला फरक स्वभाव, निवड, काळ आणि दैव यांचा म्हणावा लागतो. तेंडुलकरांचे सगळे श्रेय आचरेकरांना द्यायचे ठरवले, तर इतरांच्या न मिळालेल्या संधीचा भारही त्यांच्यावर टाकावा लागेल, आणि ते कोणी करीत नाही.

आचरेकरांचे स्मारक ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्क येथे उभारण्यात आले. अनावरण तेंडुलकरांच्या हस्ते झाले आणि कांबळीही त्या वेळी उपस्थित होते.

रोहित शर्मा यांची सलामी

रोहित शर्मा शालेय वयात ऑफस्पिन गोलंदाज म्हणून दिनेश लाड यांच्या नजरेस आले. लाड यांनी त्यांना बोरिवली येथील स्वामी विवेकानंद शाळेत प्रवेश घेण्यास सुचवले, फी परवडणारी नव्हती म्हणून ती माफ करून घेतली, आणि नंतर जाळीतील त्यांची फलंदाजी पाहून सलामीला पाठवले. तेथे रोहित यांनी शतक केले. भारतीय संघात मात्र ते अनेक वर्षे मधल्या फळीत चाचपडत राहिले. २०१३ साली महेंद्रसिंग धोनी कर्णधार असताना त्यांना सलामीला आणले गेले आणि त्यांची एकदिवसीय कारकीर्दच पालटली. १३ नोव्हेंबर २०१४ रोजी कोलकाता येथे श्रीलंकेविरुद्ध त्यांनी केलेल्या २६४ धावा हा एकदिवसीय क्रिकेटमधील वैयक्तिक उच्चांक आहे.

या बदलाचे श्रेय सर्वसाधारणपणे कर्णधार धोनी यांना दिले जाते. त्या वेळचे मुख्य प्रशिक्षक डंकन फ्लेचर यांचे नाव क्वचितच निघते. हा खेळाडू सलामीचा आहे हे सर्वप्रथम ओळखणाऱ्या शालेय प्रशिक्षकाचे नावही त्या संदर्भात घेतले जात नाही. लाड यांच्याकडे राहून शिकलेले पालघरचे शार्दूल ठाकूर हेही पुढे भारताकडून खेळले. लाड यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव विभागात मिळाला.

चंद्रकांत पंडित: तीन संघ, तीन उत्तरे

माजी कसोटीपटू आणि यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द या प्रश्नाची जणू प्रयोगशाळाच आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२–०३, २००३–०४ आणि २०१५–१६ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. २०१६–१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पुढच्या हंगामासाठी समीर दिघे यांची नेमणूक झाली. मुंबईने करंडक जिंकणे ही नवलाची गोष्ट नसल्यामुळे त्या विजेतेपदांचे फारसे श्रेय त्यांच्या पदरी पडले नाही, हेही नोंदवायला हवे.

विदर्भाची गोष्ट वेगळी होती. १९५७–५८ पासून रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने तोवर एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. पंडित २०१७ मध्ये तेथे गेले आणि पहिल्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला ९ गडी राखून नमवून विदर्भ विजेता ठरला. अंतिम सामन्यात दिल्लीच्या २९५ ला विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. त्यात अक्षय वाडकर यांचे १३३ धावांचे पहिले प्रथम श्रेणी शतक होते. कर्णधार फैज फजल यांनी त्या हंगामात ९१२ धावा केल्या. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या हंगामात चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफर यांच्या १,०३७ धावा होत्या.

पंडित यांची कडक शिस्त, वेळेचा आग्रह आणि प्रत्येक खेळाडूकडून ठरलेले काम करवून घेण्याची हातोटी यांना या यशाचे श्रेय दिले गेले, आणि ते रास्तच होते. परंतु वसीम जाफर यांच्यासारखा अनुभवी फलंदाज, दुसऱ्या डावाच्या निर्णायक क्षणी उभे राहणारे स्थानिक खेळाडू, रजनीश गुरबानी यांची त्या अंतिम सामन्यातील हॅटट्रिक आणि नागपूरला आधीच उभ्या राहिलेल्या अकादमीतून आलेली पिढी, या गोष्टी त्यांनी निर्माण केलेल्या नव्हत्या. त्या विखुरलेल्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या, हे त्यांचे काम. कर्नाटकाविरुद्धचा २०१७–१८ चा उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या ५ धावांनी जिंकला होता. तो ५ धावांनी हरला असता तर प्रशिक्षण तेच राहिले असते, कीर्ती मात्र राहिली नसती.

पंडित मध्य प्रदेशकडे गेल्यावर काय झाले, हे दोन्ही बाजूंनी तपासता येते. मध्य प्रदेशने जून २०२२ मध्ये बंगळूर येथे मुंबईला ६ गडी राखून हरवले आणि प्रथमच रणजी करंडक जिंकला. मुंबईच्या ३७४ धावांना यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) आणि रजत पाटीदार (१२२) यांच्या शतकांच्या बळावर ५३६ धावांचे उत्तर मिळाले. याच चिन्नास्वामी मैदानावर १९९८–९९ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेश कर्नाटकाकडून हरले, तेव्हा त्या संघाचे कर्णधार स्वतः पंडित होते. २०२२ मध्ये समोरच्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते, म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच शिष्य. त्या हंगामात सर्फराज खान यांनी मुंबईसाठी ९८२ धावा केल्या, अंतिम सामन्यातही शतक केले, आणि तरी करंडक गेला. फलंदाजीचे यश आणि सामन्याचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसते.

दुसरी बाजू विदर्भाची. पंडित गेल्यावर काही वर्षे संघ मागे पडला, पण २०२३–२४ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला आणि २०२४–२५ मध्ये उस्मान घनी यांच्या प्रशिक्षणाखाली तिसऱ्यांदा विजेता ठरला. यश राठोड यांनी ९६० आणि करुण नायर यांनी ८६३ धावा केल्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात तरुण दानिश मालेवार यांनी १५३ व ७३ धावा काढल्या. यावरून पंडित यांचे श्रेय कमी होते, की त्यांनी घालून दिलेली घडी टिकली म्हणून वाढते? दोन्ही अर्थ लावले जातात. पहिल्या दोन विजेतेपदांवर खेळाडूंना आपण जिंकू शकतो असा विश्वास वाटू लागला, हे मान्य करावे लागते. मात्र २०२५ चा संघ बराचसा वेगळा होता आणि त्याची फलंदाजी अकादमी, नवे प्रशिक्षक व बाहेरून आलेले नायर यांनी उभी केली.

तिसरे उदाहरण कोलकाता नाइट रायडर्सचे. पंडित यांच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, हा आयपीएल संघ सातव्या स्थानी राहिला. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून परतले, सुनील नारायण यांना पुन्हा सलामीला पाठवण्यात आले (हा प्रयोग गंभीर कर्णधार असताना २०१७ मध्ये झाला होता), आणि नारायण यांनी ४८८ तर फिल सॉल्ट यांनी ४३५ धावा केल्या. २६ मे २०२४ रोजी चेन्नईत सनरायझर्स हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून कोलकात्याने ८ गडी राखून विजेतेपद मिळवले. श्रेयाची चर्चा बहुतांशी गंभीर यांच्याभोवती फिरली. कर्णधार श्रेयस अय्यर यांनी आपल्याला हवी तशी दाद मिळाली नाही असे पुढच्या वर्षी उघडपणे सांगितले. मुख्य प्रशिक्षक पंडित तर या वाटपात तिसऱ्या पंगतीला बसले. २०२५ मध्ये गंभीर भारतीय संघाकडे, अय्यर पंजाबकडे आणि सॉल्ट बंगळूरकडे गेले होते. पंडित मात्र कायम होते. कोलकाता आठव्या स्थानावर घसरले, अय्यर यांचा पंजाब अंतिम फेरीत पोहोचला, आणि पंडित यांना पद सोडावे लागले. यशाच्या वर्षी ज्याच्या वाट्याला श्रेयाचा लहान हिस्सा आला, त्याच्याच माथी अपयशाचा मोठा हिस्सा मारला गेला.

अमोल मुझुमदार आणि २०२५ चा महिला विश्वचषक

पनवेलकडे येणाऱ्या हार्बर मार्गावरील नेरुळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपला पहिला विश्वचषक जिंकला. भारताचे मुख्य प्रशिक्षक ऑक्टोबर २०२३ पासून अमोल मुझुमदार होते. भारताकडून कधीच न खेळलेल्या माणसाला भारताचा विश्वचषक मिळाला, ही गोष्ट माध्यमांत फार गाजली, आणि विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी मैदानावरच त्यांच्या पाया पडून नमस्कार केला, ते छायाचित्रही.

त्या भावनेपलीकडे जाऊन त्यांच्या वाट्याचे काम निश्चित करता येते. साखळी फेरीत भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन सामने हरला होता. इंग्लंडविरुद्ध वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज यांना न्यूझीलंडविरुद्ध परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठवले गेले. त्यांनी नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्यावर त्या पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर उतरल्या. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे त्यांना मैदानात उतरण्याच्या काही मिनिटे आधीच कळले होते. त्यांच्या नाबाद १२७ आणि हरमनप्रीत यांच्या ८९ धावांच्या आधारे भारताने ४८.३ षटकांत ५ बाद ३४१ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील हा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. डावांच्या मध्यंतरात मुझुमदार यांनी फळ्यावर फक्त एवढेच लिहिले होते, की अंतिम फेरीसाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा एकच धाव जास्त हवी आहे.

फलंदाजीच्या क्रमातील हा बदल संघव्यवस्थापनाचा निर्णय होता आणि त्याचे श्रेय प्रशिक्षकाकडे जाते. पण तोच प्रशिक्षक जेमिमा यांना इंग्लंडविरुद्ध वगळण्याच्या निर्णयातही सहभागी होता. एक चूक दुरुस्त झाली, असेही म्हणता येईल. अंतिम सामन्यात ८७ धावा करून सामन्याच्या मानकरी ठरलेल्या शफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हत्या. प्रतिका रावल यांना बांगलादेशविरुद्ध दुखापत झाल्यामुळे त्यांना बोलावण्यात आले. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न कावळा बसायला आणि फांदी तुटायला या म्हणीच्या जवळ जातो. तरीही आयत्या वेळी आलेल्या खेळाडूला मोकळेपणाने खेळता येईल असे वातावरण संघात होते, हे नाकारता येत नाही.

याशिवाय काही कारणे मुझुमदार यांच्या नेमणुकीआधीची आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष व महिला खेळाडूंना समान सामना मानधन जाहीर झाले; मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि मोठ्या गर्दीसमोर, परदेशी गोलंदाजीविरुद्ध खेळण्याचा सराव मिळू लागला. जेमिमा यांना वडील इव्हान रॉड्रिग्ज यांनी लहानपणापासून शिकवले. स्पर्धेत ४३४ धावा करणाऱ्या स्मृती मानधना सांगलीत घडल्या. विश्वचषकाच्या रात्री नेरुळच्या मैदानावर एक प्रशिक्षक उभा होता. त्याच्यामागे असे अनेक जण घरी बसून दूरचित्रवाणी पाहत होते.

मोजमापाच्या अडचणी

फलंदाजाची सरासरी काढता येते, प्रशिक्षकाची काढता येत नाही. नवा प्रशिक्षक बहुधा संघाची कामगिरी खालावल्यावरच नेमला जातो, आणि खालावलेली कामगिरी पुष्कळदा आपोआप नेहमीच्या पातळीवर परतते. नेदरलँड्समधील फुटबॉल साखळीचा अभ्यास करून बास तेर वेल यांनी २०११ साली दाखवले, की प्रशिक्षक बदललेल्या संघांची सुधारणा ही तशाच घसरणीनंतर प्रशिक्षक न बदललेल्या संघांच्या सुधारणेहून वेगळी नव्हती. पी हळद आणि हो गोरी, या अपेक्षेने केलेल्या नेमणुकांचे परिणाम म्हणूनच सावधपणे वाचावे लागतात. प्रशिक्षकाने संघ बदलला, किंवा तोच प्रशिक्षक असताना खेळाडू बदलले, अशा प्रसंगी काय घडले हे पाहणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे. पंडित यांची उदाहरणे त्यामुळेच मोलाची ठरतात.

नशिबाचा वाटाही मोठा असतो. संदीप पाटील प्रशिक्षक असताना केनियाने २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली. श्रीलंकेला हरवण्याचा पराक्रम त्यात होता, आणि सुरक्षेच्या कारणावरून न्यूझीलंड नैरोबीला न आल्याने मिळालेले गुणही होते. २००७ चा पहिला टी-२० विश्वचषक जिंकताना लालचंद राजपूत भारताचे क्रिकेट व्यवस्थापक होते. त्या विजयाच्या आठवणी धोनी यांच्यापाशी सुरू होऊन तेथेच संपतात.

अपश्रेय

अपयशाचे खापर फोडताना एवढी चिकित्सा होत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिला टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राज यांना वगळल्यावर भारत इंग्लंडकडून हरला आणि प्रशिक्षक रमेश पोवार यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांचा कार्यकाळ संपला. पुढे २०२०–२१ मध्ये पोवार यांच्याच प्रशिक्षणाखाली मुंबईने विजय हजारे करंडक जिंकला आणि २०२१ मध्ये ते पुन्हा महिला संघाचे प्रशिक्षक झाले. वगळण्याचा तो निर्णय चुकीचा होता असे मानले, तरी तो एकट्या प्रशिक्षकाचा नव्हता.

पुरस्कार आणि श्रेयाची अधिकृत नोंद

भारतात प्रशिक्षकाच्या श्रेयाची अधिकृत नोंद म्हणजे द्रोणाचार्य पुरस्कार. १९८५ साली सुरू झालेल्या या पुरस्काराच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते. क्रिकेटमध्ये तो प्रथम १९८६ साली कपिल देव यांचे प्रशिक्षक देशप्रेम आझाद यांना मिळाला. शिष्यांच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीला त्यात मोठे वजन असल्याने, एकाच नामवंत खेळाडूवर अनेक प्रशिक्षकांनी हक्क सांगण्याचे प्रसंग येतात. पुरस्काराच्या नावातील विसंगती अनेकांच्या लक्षात आली आहे. महाभारतातील द्रोणाचार्यांनी ज्याला काहीच शिकवले नाही, त्या एकलव्याकडूनही गुरुदक्षिणा घेतली होती.

वैयक्तिक खेळांत हे श्रेय त्या मानाने स्पष्टपणे दाखवता येते. माजी ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांनी पनवेल येथे ‘लक्ष्य’ हा नेमबाजी क्लब चालवला. त्यांच्या शिष्या अवनी लेखरा यांनी टोकियो आणि पॅरिस या लागोपाठच्या दोन पॅरालिंपिक स्पर्धांत १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, आणि २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार शिरूर यांना देण्यात आला. त्याच वर्षीच्या जीवनगौरव विभागात दिनेश लाड यांचे नाव होते. रोहित शर्मा यांच्या पहिल्या शालेय शतकाला तेव्हा वीसेक वर्षे होऊन गेली होती.